ऊसतोड कामगारांच्या मुलांना शिकवायला जाणारे विद्यार्थी शैक्षणिक विषमतेबद्दल नेमके काय शिकतात?

प्रश्न: समाजशास्त्राची प्राध्यापिका, सातारा जिल्हा

नमस्कार. मी एका पदवी महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते आणि राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी म्हणूनही काम पाहते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवी अभ्यासक्रमात सामुदायिक सहभागाला श्रेयांक मिळू लागले, त्यामुळे पूर्वी जे काम मोजके स्वयंसेवक आवडीने करत होते ते आता बऱ्याच विद्यार्थ्यांच्या वाट्याला आले आहे. आमच्या जवळ साखर कारखाना आहे. गाळप हंगामात बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून येणाऱ्या ऊसतोडणी टोळ्या गाडीतळावर, म्हणजे कारखान्याजवळच्या मुक्कामाच्या जागेवर, कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) बांधून राहतात, आणि त्यांच्या मुलांना वाचन व गणित शिकवण्यासाठी आमचे विद्यार्थी आठवड्यातून काही दुपारी तेथे जातात.

विद्यार्थी मनापासून काम करतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी अडचण त्यांच्या अनुभववह्या वाचताना सुरू होते. बहुतेक वह्यांमध्ये एकच निष्कर्ष असतो, की या पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळलेले नाही आणि त्यांचे प्रबोधन करायला हवे. काही जण आपल्याला आयुष्यात किती मिळाले आहे याबद्दल कृतज्ञता व्यक्त करतात. ती कृतज्ञता खरी असते, परंतु विचार तेथेच थांबतो. वर्गात ज्या विषमतेवर आम्ही तासन्‌तास बोलतो, ती प्रत्यक्ष समोर उभी असताना त्यांना ती एका कुटुंबाचा दोष म्हणून दिसते, आणि ही समजूत घेऊन ते पदवीधर होणार असतील तर या सेवेने त्यांचे शिक्षण झाले असे मला म्हणवत नाही.

त्यांना काय पाहायला, काय विचारायला सांगावे? शिवाय एक प्रश्न मला अधिक सतावतो. आमच्या विद्यार्थ्यांनी काही शिकावे म्हणून त्या मुलांचा वापर होत आहे का? त्यांना खरोखर उपयोग होईल असे काम कोणते? या मुलांच्या गावाकडील शाळांत काम करणाऱ्यांनी आणि स्वतः या वाटेने गेलेल्यांनी लिहिल्यास मी आभारी राहीन.

उत्तर: प्राथमिक शिक्षक, बीड जिल्हा

मॅडम, आपल्याकडे जी मुले नोव्हेंबरमध्ये दिसतात ती त्याआधी आमच्या वर्गात बसलेली असतात, आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या वह्यांमध्ये नेमका हाच अर्धा भाग नसतो. त्यांना मूल कोपीसमोर भेटते, म्हणून ते शाळेत न गेलेले मूल वाटते. ते शाळेतून उठून आलेले मूल आहे.

आमच्या गावातील टोळ्या दसरा-दिवाळीच्या दरम्यान बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस ठरवले आहेत. हंगामाला गेलेल्या मुलाचे त्यांतील जवळजवळ निम्मे दिवस जातात. हे दिवस दरवर्षी तेच असतात, ही गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. पहिलीचा वर्ग जोडाक्षरांपर्यंत पोहोचतो तेव्हा मूल फडात, म्हणजे उसाच्या शेतात, असते. पुढच्या इयत्तांमध्ये भागाकार आणि अपूर्णांक बहुधा दुसऱ्या सत्रात येतात, आणि तेव्हाही ते फडातच असते. त्यामुळे चौथीतील एखादी मुलगी बेरीज-वजाबाकी चटकन करते, कविता सुरेख म्हणते, परंतु भागाकार समोर आला की गप्प होते. आपल्या विद्यार्थ्याला ती ‘गणितात कच्ची’ वाटेल. ती कच्ची नाही; तिला तो भाग कोणी शिकवलेलाच नाही.

पालक मुलांना मागे का ठेवत नाहीत, हा पुढचा प्रश्न येतो. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि ती नवरा-बायको या जोडीवर, म्हणजे एका कोयत्यावर दिलेली असते. दोघांनाही जावेच लागते, कारण एकट्याच्या कामातून उचल फिटत नाही. घरी धडधाकट आजी-आजोबा असतील तर मुले राहतात. नसतील तर सोबत जातात, आणि तेथे आईवडील पहाटेपासून फडात असल्यामुळे आठ-दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडांची आई होते. हंगामी वसतिगृहाची सोय ज्या गावात वेळेवर सुरू होते तेथे फरक दिसतो, हे मी स्वतः पाहिले आहे. परंतु टोळी निघण्याच्या दिवशी ती सोय सुरू असली पाहिजे. मंजुरी महिनाभराने आली तर तोपर्यंत मूल दोन जिल्हे ओलांडून गेलेले असते. २०२१ मध्ये राज्य शासनाने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांमध्ये मुलांसाठी व मुलींसाठी मिळून ८२ वसतिगृहे उभारायचे ठरवले. हे पाऊल मला फार मोलाचे वाटते, विशेषतः मोठ्या मुलींसाठी. सातवी-आठवीनंतर मुलीला गावात एकटी ठेवण्याची धास्ती आईवडिलांना असते आणि कोपीवर नेण्याचीही असते. या दोन भीतींच्या मध्ये तिचे लग्न उरकले जाते, आणि पुढच्या हंगामात ती व तिचा नवरा मिळून एक नवा कोयता होतात.

आता उपयोगाच्या कामाबद्दल. आपल्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक मुलाकडून त्याच्या गावच्या शाळेचे आणि वर्गशिक्षकाचे नाव घ्यावे, आणि त्या शिक्षकाशी फोनवर बोलावे. मूल कोणत्या धड्यापर्यंत आले होते, त्याला काय येते, काय राहिले, हे आम्हाला माहीत असते. परंतु हंगामाच्या काळात आम्हाला कोणी विचारत नाही. मार्चमध्ये टोळी परत निघताना त्या मुलाने काय वाचले आणि कोणती गणिते केली याचे एक पान त्याच्या दप्तरात घालून द्यावे. ते पान हाती आले तर आम्ही त्याला पुन्हा पहिल्या धड्यापासून बसवणार नाही. या कामात शिकवण्याइतकेच महत्त्व चौकशीला आहे, आणि आपल्या विद्यार्थ्यांनी एकदा माझ्यासारख्या शिक्षकाशी अर्धा तास बोलून घेतले तर ‘पालकांना महत्त्व कळत नाही’ हे वाक्य वहीत पुन्हा येणार नाही, अशी माझी खात्री आहे.

उत्तर: शिक्षणहक्काच्या कामातील कार्यकर्ती, कोल्हापूर

वरील उत्तराला एक गोष्ट जोडते. गाडीतळावरचा आपला वर्ग कितीही चांगला चालला तरी तो शाळेला पर्याय नव्हे, आणि तो पर्याय होऊ नये याची काळजी आपल्यालाच घ्यावी लागेल. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ९ नुसार स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा शाळाप्रवेश निश्चित करणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला, या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, असे कलम ५ सांगते. वयाचा पुरावा नसल्याबद्दलही प्रवेश अडवता येत नाही, आणि मागे राहिलेल्या मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. गावाकडची शाळा स्थलांतराच्या वेळी शिक्षण हमी कार्ड देते. ते मुलाजवळ असेल तर काम आणखी सोपे होते.

म्हणून विद्यार्थ्यांचे पहिले काम शिकवणे हे नसावे. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी पालकांबरोबर जवळच्या शाळेत जावे, मुख्याध्यापकांना भेटावे, प्रवेशाची नोंद होईपर्यंत पाठपुरावा करावा. या खटाटोपात विषमता कशी चालते हे त्यांना दिसेल. कायदा मुलाच्या बाजूने आहे. तरीही गाडीतळापासून शाळेपर्यंत वाहनांनी भरलेला रस्ता आहे, त्यावरून सहा वर्षांच्या मुलाला कोण नेणार हे ठरलेले नाही, हंगाम संपताच मूल निघून जाणार हे माहीत असल्यामुळे शाळेलाही त्याच्यात जीव गुंतवणे अवघड जाते, आणि धाकट्या भावंडाला सोडून मुलगी शाळेत येऊ शकत नाही. त्यामुळे लहान मुलांसाठी अंगणवाडीची सोय झाली नाही तर मोठ्या मुलीची शाळाही होत नाही. सीमेपलीकडे कर्नाटकातील कारखान्यांवर जाणाऱ्या टोळ्यांची स्थिती आणखी कठीण असते, कारण तेथे जवळची शाळा बहुधा कन्नड माध्यमाची असते.

प्रवेशासाठी केलेल्या या धावपळीची नोंद ठेवणे हाच आपल्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प होऊ शकतो. ती नोंद ग्रामपंचायतीला, शाळा व्यवस्थापन समितीला आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना दिली तर पुढील हंगामात तिचा उपयोगही होईल.

उत्तर: निवृत्त प्राध्यापक, अर्थशास्त्र

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आतापर्यंतच्या उत्तरांमध्ये मुलांकडे कसे पाहावे हे चांगले आले आहे. मला आपल्या विद्यार्थ्यांबद्दल बोलावेसे वाटते. आपल्या भागातील महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींमध्ये ऊस उत्पादक शेतकऱ्यांची मुले किती आहेत, याची चौकशी आपण कधी केली आहे का? माझ्या नोकरीच्या काळात माझ्या वर्गात अशी मुले पुष्कळ असत. याचा अर्थ असा, की जो ऊस कोपीतील मुलाच्या आईने तोडला त्याच उसाच्या बिलातून कॉलेजातील मुलाची फी भरली गेली. ही दोन कुटुंबे एकमेकांना अनोळखी नाहीत. ती एकाच फडाच्या दोन टोकांना उभी आहेत, आणि विद्यार्थी आपल्या वहीत स्वतःचे नाव लिहीत नाही तोपर्यंत विषमतेचे चित्र अपुरे राहते.

हे पैशांतही दाखवता येते. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) प्रति टन ३,४०० रुपये रास्त व किफायतशीर दर, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, जाहीर केला होता. महाराष्ट्रात या रकमेतून तोडणी व वाहतुकीचा खर्च वजा करून उरलेले पैसे शेतकऱ्याला मिळतात. म्हणजे तोडणी कामगाराची मजुरी वाढली की ती शेतकऱ्याच्या घरी कपात म्हणून दिसते. २०२४ च्या सुरुवातीला तोडणीदरात ३४ टक्के वाढीचा करार झाला, तेव्हा त्या वाढीची बातमी दोन घरांमध्ये दोन तऱ्हांनी वाचली गेली असणार. आपल्या विद्यार्थ्यांनी घरचे ऊसबिल समोर ठेवून एक टन उसाचा पैसा कोणाकोणाकडे जातो हे शोधावे. शेतकऱ्याला दोषी ठरवण्यासाठी हे करायचे नाही. त्याचाही जमाखर्च ओढाताणीचा असतो. परंतु शिकण्याची संधी कोठून आली आणि कोठे पोहोचली नाही, हे या हिशेबाइतके स्पष्ट अन्य कशातही दिसत नाही.

आणखी एक बाब आहे. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखान्यांनी शिक्षणाचे फार मोठे काम केले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास प्रवरेचा कारखाना उभा केला, वारणेला तात्यासाहेब कोरे यांनी केला, आणि दोन्ही ठिकाणी कारखान्यामागोमाग शाळा-महाविद्यालये आली. ग्रामीण भागातील कित्येक पिढ्या त्यामुळे शिकल्या. मीही त्याच परंपरेतील एका महाविद्यालयात आयुष्य घालवले आणि त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. मात्र कारखान्याचा सभासद होण्यासाठी ऊस लावायला जमीन लागते. तोडणी कामगार हंगामापुरता येतो, सभासद नसतो, त्याला वार्षिक सभेत मत नसते. त्यामुळे उसातून उभ्या राहिलेल्या शिक्षणसंस्थांच्या दारात त्याचे मूल दरवर्षी पाच महिने राहते आणि तरीही त्या संस्थांचे होत नाही.

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हाच मुद्दा मांडला होता, की सरकारचा महसूल मुख्यत्वे रयतेच्या श्रमांतून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. ते निवेदन आपल्या विद्यार्थ्यांना गाडीतळावर जाण्यापूर्वी नव्हे, तर हंगामाच्या मध्यावर वाचायला द्यावे. तोपर्यंत त्यांना काही मुलांची नावे माहीत झालेली असतील, आणि मग तो मजकूर परीक्षेपुरता राहणार नाही.

उत्तर: ऊसतोड कुटुंबातील मुलगा, सध्या पुण्यात नोकरी

मी लहानपणी आईवडिलांबरोबर अनेक हंगाम कोपीवर काढले आहेत, म्हणून लिहीत आहे. आमच्याकडे शिकवायला येणारे दादा आणि ताई मला आवडत. ते येत, गोष्ट सांगत, वह्या वाटत, फोटो काढत, आणि आठवडाभरात शिबिर संपले की दिसेनासे होत. आम्ही त्यांची नावे लक्षात ठेवत असू. आज तो काळ आठवताना राग येत नाही, परंतु आपण विचारले आहे म्हणून स्पष्ट सांगतो: जो विद्यार्थी हंगामभर येणार नाही त्याला पाठवू नका. सेवा योजनेचे वर्षाचे १२० तास असतात ना? ते नोव्हेंबर ते मार्चमध्ये विभागून द्या. सात दिवसांच्या शिबिरात सगळे उरकू नका.

पालकांना महत्त्व कळत नाही असे लिहिणाऱ्यांना माझ्या आईबद्दल सांगावेसे वाटते. तिला वाचता येत नव्हते. कारखान्याच्या वजनकाट्यावरची पावती ती माझ्याकडून वाचून घेई, मनात टनांचा हिशेब ठेवी, आणि मुकादमाच्या वहीत आकडा कमी पडला की त्याच्यासमोर बोलून दाखवी. मला शाळेत घालण्याची तिची सगळी धडपड त्या पावतीपासून सुरू झाली होती. लिहिता-वाचता न येण्याची किंमत ती दर आठवड्याला मोजत होती. तिला कोणाच्या प्रबोधनाची गरज नव्हती. आपल्या विद्यार्थ्यांनी पालकांना समजावण्याऐवजी त्यांना विचारावे, की मुलाच्या शाळेसाठी तुम्ही आजवर काय काय करून पाहिले. उत्तर ऐकायला संध्याकाळी उशिरा जावे लागेल, कारण दुपारी ते फडात असतात.

मुलांना शिकवायचे असेल तर त्यांच्या हाताशी असलेल्या आकड्यांपासून सुरुवात करा. मोळ्या मोजणे, वजनाची पावती, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून आलेले पैसे, किराण्याची उधारी, या सगळ्यांत गणित आहे आणि ते मुलांना येते. भाषेचेही लक्षात ठेवा. टोळीत तांड्यावरची बंजारा मुले असतील तर त्यांच्या घरी गोरमाटी बोलतात. पुस्तकातील मराठी त्यांच्यासाठी शाळेतच भेटलेली भाषा आहे, आणि शाळाच अर्धवट झाली असेल तर ती भाषाही अर्धवट राहते. अशा मुलाला अडखळताना पाहून कोणी हसू नये, एवढे आधी सांगून पाठवा.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक टन उसाच्या हिशेबाची कल्पना मी याच वर्षी वापरणार आहे. माझ्या वर्गात ऊस उत्पादकांची मुले बरीच आहेत आणि हा विषय त्यांच्या घरात वाद निर्माण करू शकेल याची मला जाणीव आहे; तरीही तो टाळणे योग्य होणार नाही. शिबिराची आखणी बदलून हंगामभराची करण्याबद्दल प्राचार्यांशी बोलेन. बीडच्या सरांना एक विचारायचे आहे. मुलांकडे शिक्षकांचा फोन क्रमांक बहुतेक वेळा नसतो. अशा वेळी गावच्या शाळेपर्यंत कसे पोहोचावे? आणि शिक्षकांना हा जाच वाटणार नाही ना?

उत्तर: प्राथमिक शिक्षक, बीड जिल्हा

मॅडम, गावाचे आणि तालुक्याचे नाव कळले की पुरे. जिल्हा परिषदेच्या शाळा केंद्रांमध्ये विभागलेल्या असतात. तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून केंद्रप्रमुखांचा क्रमांक मिळेल आणि ते शाळेशी जोडून देतील. एका टोळीतील मुले बहुधा एकाच गावची किंवा शेजारच्या वस्त्यांवरची असतात, त्यामुळे एकदा एका शाळेशी बोलणे झाले की अनेक मुलांची माहिती मिळते. फोन शाळा सुटल्यावर, साधारण पाचनंतर करावा.

जाच वाटण्याचा प्रश्नच नाही. दिवाळीनंतर वर्ग उघडतो तेव्हा निम्मे पट रिकामे असतात आणि हजेरी घेताना ती नावे आम्ही वाचतोच. त्यांपैकी एखादे मूल कोठे आहे आणि सध्या काय वाचते आहे, हे सांगणारा फोन आला तर आम्हाला आनंदच होईल. या हंगामात आमच्या गावची टोळी आपल्या भागात आली असेल तर मला येथेच कळवा. मुलांची नावे आणि त्यांचे राहिलेले पाठ मी त्याच आठवड्यात लिहून पाठवतो.